मोल्सवर्थ हे आडनाव आलं कुठून?

कोशवाचक

‘मोल्सवर्थमध्ये बघ’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मराठी-इंग्रजी कोश येतो, माणूस येत नाही. पण कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा खराखुरा माणूस होता आणि त्याला हे आडनाव कुठूनतरी मिळालं असणार. १८३१ ची पहिली आवृत्ती घ्या किंवा १८५७ ची वाढवलेली दुसरी, पहिल्या पानावर जॉर्ज आणि टॉमस कँडी यांच्याबरोबर हे नाव आहेच.

आडनावाचा अर्थ शोधला तर तीन खुलासे मिळतात. एक, जमीन उकरणाऱ्या ‘मोल’ या प्राण्यावरून. दुसरा, अंगावरच्या तिळावरून. तिसरा, ‘किंमत’ या अर्थाच्या ‘वर्थ’वरून. तिन्ही ओढूनताणून आणलेले वाटतात. त्यात डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, कॉर्नवॉलमध्ये मोल्सवर्थ बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने ‘सर’ म्हणवणारे, आहेत आणि केंब्रिजशरमध्ये याच नावाचं खेडं आहे. यातलं आधीचं कोण? आडनाव इतकं विरळ का? आणि कोशकार कॅप्टन यातल्या नेमक्या कुठल्या शाखेतला, हे कागदोपत्री ठरवायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? पायऱ्या सांगितल्यात तर फार उपयोग होईल.

गावनाव

मूळ गावाचंच. आडनाव गावावरून पडलं आणि गावाचं नाव एका माणसावरून. बाकी रस्ते, वाडे, कुरणं सगळं नंतरचं. डब्लिनचा रस्ता आडनावाच्या माणसावरून आहे, गावावरून नव्हे.

हे खेडं जुन्या हंटिंग्डनशर काउंटीतलं. विल्यम राजाने १०८६ मध्ये करवून घेतलेल्या जमीनपाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, ते ‘मोलेस्वर्दे’ असं लिहिलेलं आहे. शेवटी ‘द’ आहे तो नॉर्मन लेखनिकांमुळे. इंग्रजीतला ‘थ’ त्यांच्या कानाला आणि लेखणीला परका होता, म्हणून ते बहुतेक गावांच्या ‘वर्थ’चं ‘वर्दे’ करत.

आता तुकडे पाडून पाहू: मोल + एस + वर्थ. मधला ‘एस’ हा जुन्या इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय, आपला चा-ची-चे. म्हणजे पुढे ज्याची मालकी आहे असं कुणीतरी हवं, आणि ते बहुतेक वेळा माणसाचं नाव असतं. इथे ते नाव आहे ‘मूल’. मराठी मुलाशी किंवा मुळाशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. हे अँग्लो-सॅक्सन पुरुषनाव पूर्ण ओळखीचं आहे. वेसेक्सचा राजा कॅडवाला याचा भाऊ मूल, केंटच्या गादीवर बसलेला, ६८७ मध्ये केंटमध्ये जाळून मारला गेल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. आपल्या गावाचा मूल हाच, असं मात्र कुणी समजू नये. नाव तेच, माणूस कुणी वेगळा जमीनदार. या नावाचा अर्थ लॅटिनमधून आलेल्या ‘खेचर’ या शब्दाशी जोडतात, म्हणजे मिश्र रक्ताचा.

हा अर्थ कशावरून पक्का? इतर गावं बघा. बकिंगहॅमशरमधलं मूल्सो डूम्सडेत ‘मोलेस्हू’ आहे, म्हणजे मूलचा डोंगरसोंड. एसेक्समधलं मूल्शम ‘मोलेस्हॅम’ आहे, म्हणजे मूलचं गाव. तीन ठिकाणी तेच नाव, तोच प्रत्यय, पुढचा शब्द तेवढा वेगळा. एका गावाचा अर्थ एकट्याने लावायचा नसतो, सारख्या घडणीची गावं शेजारी मांडली की अंदाज आपोआप तपासला जातो.

‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आवार. किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ हा वेगळा शब्द, नंतरच्या काळात उच्चार एकसारखे झाले इतकंच. त्यामुळे मोल्सवर्थचं मराठी केलं तर ‘मूलची वाडी’ असं होईल आणि आडनाव होईल ‘मूलवाडीकर’. वर्ड्‌सवर्थ, बटरवर्थ, एन्सवर्थ, डकवर्थ ही सगळी याच घडणीची आडनावं. डेव्हनमध्ये याच शब्दाचं भावंड ‘वर्दी’ होतं, उदाहरणार्थ होल्सवर्दी.

गावनाव

आधीच्या प्रतिसादात प्राणी आणि तीळ राहून गेले. दोन्ही का बाद होतात ते सांगायला हवं, कारण ‘तसं वाटत नाही’ हे काही कारण नव्हे.

‘मोल’ हा प्राण्याचा शब्द इंग्रजी लिखाणात चौदाव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागतो. त्याआधी त्या प्राण्याला ‘वाँड’ किंवा पुढे ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती उलटवणारा, म्हणत. गाव १०८६ मध्ये नावासकट हजर आहे. तीनशे वर्षांनी आलेल्या शब्दावरून त्याचं नाव पडणार नाही.

तिळाचा शब्द मात्र जुना आहे, पण जुन्या इंग्रजीत तो ‘माल’ असा दीर्घ आ-काराचा. त्या ‘आ’चा ‘ओ’ व्हायला दक्षिण इंग्लंडमध्ये साधारण १२०० उजाडलं. गावाच्या नावात तो शब्द असता तर डूम्सडेमध्ये ‘मालेस’ असं दिसलं असतं. तिथे सरळ ‘ओ’ आहे.

मग ‘मूल’चा ‘मोल’ कसा झाला, असं कुणी विचारेल. हस्तलिखितातला ‘एम’ म्हणजे तीन उभ्या काड्या आणि ‘यू’ म्हणजे दोन. शेजारी शेजारी लिहिल्या की पाच काड्यांचं कुंपण होतं, वाचणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून एम-एनच्या शेजारी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहायची सवय लेखनिकांना होती. मुलगा आणि साधू यांचे इंग्रजी शब्द आजही ‘ओ’ने लिहितात आणि उच्चार ‘अ’सारखा करतात, ते याच सवयीचं उरलेलं चिन्ह. या गावाचीही ‘यू’ असलेली रूपं मधल्या काळात सापडतात.

दप्तरखाना

गावनावाचं विवेचन उत्तम. पण गावाचा अर्थ कळला म्हणजे घराण्याचा इतिहास कळला असं होत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका याच सांध्यावर होतात. म्हणून थोडं सविस्तर.

सांगलीत राहणाऱ्याला सांगलीत कुणी ‘सांगलीकर’ म्हणत नाही, तो सांगली सोडून मिरजेच्या पलीकडे गेला की म्हणतात. इंग्लंडमध्येही तेच. ‘द मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा, हे बिरूद गाव सोडलेल्या माणसाला चिकटतं. त्यामुळे आडनावाची जुनी नोंद गावात कमी आणि आसपासच्या काउंट्यांत जास्त मिळाली तर गोंधळू नका. किंवा मग गावात जमीन असलेला पण बाहेर वावरणारा सरंजामदार, त्याच्यामागे लागतं.

तेराव्या शतकात हे बिरूद वंशपरंपरागत असेलच असं नाही. एकाच गावातून निघालेली तीन वेगवेगळी माणसं तीन ठिकाणी ‘मोल्सवर्थचा’ म्हणून लिहिली जात, त्यांचं रक्ताचं नातं काही नसे. बापाचं बिरूद मुलगा लावतो, नातू लावतो, आणि नातू त्या गावाच्या जवळपासही राहत नाही, असं तीन पिढ्या दिसलं की ते आडनाव झालं असं धरायचं. चौदाव्या-पंधराव्या शतकांत मधला ‘द’ गळतो.

हंटिंग्डनशरचं नशीब असं की १२७९ च्या हंड्रेड रोल्सचे कागद ज्या मोजक्या काउंट्यांसाठी शिल्लक आहेत त्यात ही काउंटी आहे. कोणाकडे किती जमीन, कोणत्या अटीवर, किती खंड, असं कुळवार लिहिलेलं. मध्ययुगातल्या आडनावांसाठी याहून चांगला झाडा मिळणं कठीण. त्यानंतर चौदाव्या शतकातले करपट आणि १३७७, १३७९, १३८१ चे डोईपट्टीचे कागद.

आता वॉल्टर. उमराव घराण्यांच्या वंशावळीत सुरुवात नेहमी सर वॉल्टर द मोल्सवर्थपासून होते आणि तो एडवर्डबरोबर १२७० च्या धर्मयुद्धाला गेला असं लिहिलेलं असतं. एडवर्ड पहिल्याच्या कारकिर्दीत बेडफर्डशर-बकिंगहॅमशर या जोडीचा शेरीफ म्हणून वॉल्टरचं नाव येतं, ते सरकारी कागदातलं आहे. धर्मयुद्धाची गोष्ट वंशावळकारांच्या परंपरेतली. दोन्हींचं वजन वेगळं ठेवा. घराण्याच्या ढालीवर लाल पार्श्वभूमी, मधे निळ्या-पांढऱ्या ‘व्हेअर’ नक्षीची छोटी ढाल आणि भोवती आठ सोनेरी क्रूस आहेत. हे क्रूस दाखवून ‘बघा, धर्मयुद्धाचा पुरावा’ असं बऱ्याच ठिकाणी म्हटलेलं असतं. छोटे क्रूस हे त्या काळच्या ढालींवरचं अगदी नेहमीचं चिन्ह आहे, धर्मयुद्धाला न गेलेल्या असंख्य घराण्यांच्या ढालींवरही ते आहेत.

आणि कृपा करून ‘मोल्सवर्थ आडनावाचं बोधचिन्ह’ म्हणून विकली जाणारी तसबीर घेऊ नका. इंग्लंडमध्ये ढाल आडनावाला मिळत नाही, माणसाला आणि त्याच्या सिद्ध झालेल्या वंशजांना मिळते. १४८४ मध्ये स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स हेच तिथे बघतं. १५३० ते १६८८ दरम्यान त्यांचे अधिकारी काउंटीवार फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत. त्या वंशावळी उपयोगी आहेत, पण घरातल्या माणसाने तोंडी सांगितलेल्या. आजोबांपर्यंत विश्वास ठेवायला हरकत नाही, त्याच्या मागे मूळ कागद बघावा.

उच्चारी

दोन छोट्या गोष्टी. उच्चार ‘मोल्झवर्थ’ असा आहे, दोनच अक्षरं, मधला ‘ई’ मुका, आणि ‘झ’ झऱ्यातला, झेंड्यातला नव्हे. मराठीत मात्र मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोल्स्वर्थ, मोलेस्वर्थ अशी चारही रूपं छापलेली आहेत. ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना चारही टाकून बघा.

दुसरं, चेशरमध्ये मोल्ड्‌सवर्थ नावाचं गाव आहे. मूळ तिथलं असू शकत नाही का?

गावनाव

चांगली शंका आहे आणि जुन्या कागदांत ती खरोखर अडचण करते. चेशरचं मोल्ड्‌सवर्थ हे निराळं गाव, त्याची जुनी रूपंही निराळी. त्यात पहिल्यापासून ‘ड’ आहे. हंटिंग्डनशरच्या गावाला मूळचा ‘ड’ नाही, पण मधेच एखादा लेखनिक तो घुसडतो. वॉल्टरचंही नाव ‘मोल्डेस्वर्थ’ असं लिहिलेलं सापडतं. त्यामुळे निव्वळ ‘ड’ बघून माणूस चेशरचा ठरवू नये. त्याची जमीन कुठे, साक्षीदार कुठले, तो कोणत्या धर्मप्रांतात, हे बघावं. चेशर आणि हंटिंग्डन यांच्यात एवढं अंतर आहे की साक्षीदारांच्या गावांवरूनच बहुधा निकाल लागतो.

दप्तरखाना

आता शाखा. थोडक्यात सांगतो, कारण उमरावांचा इतिहास कुठेही मिळतो.

कॉर्नवॉलची शाखा एलिझाबेथ पहिलीच्या काळात तिथे गेली आणि एग्लोशेल पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) पेनकॅरो इथे स्थिरावली. जमैकाचा कारभार पाहणाऱ्या हेंडर मोल्सवर्थला जुलै १६८९ मध्ये बॅरोनेट केलं, तो त्याच महिन्यात वारला आणि पदवी भावाकडे, जॉनकडे, गेली. आठवे बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० ते १८५५, हे शेवटच्या वर्षी वसाहतमंत्री होते आणि तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ त्यांनी संपादित करून छापले. पुढे पदवी मोल्सवर्थ-सेंट ऑबिन या जोडनावाच्या लोकांकडे आली. हे जोडनाव सूचीत कधी ‘एम’खाली असतं, कधी ‘एस’खाली, कधी ‘सेंट’ पूर्ण लिहून तर कधी नुसतं ‘एसटी’. एकदा शोधून नाही मिळालं तर संपलं असं समजू नका.

आयर्लंडच्या शाखेचा रॉबर्ट मोल्सवर्थ, १६५६ ते १७२५, डब्लिनचा. डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा वकील होता, तिथल्या निरंकुश राजवटीवर त्याने लिहिलेलं पुस्तक युरोपभर गाजलं. १७१६ मध्ये तो आयर्लंडच्या उमरावांत व्हायकाउंट (उमरावीतली एक वंशपरंपरागत पदवी) झाला. तिसरा व्हायकाउंट रिचर्ड हा १७०६ च्या रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती मार्लबरोला स्वतःचा घोडा देणारा. डब्लिनचा रस्ता याच घराण्यावरून.

कोशवाचक

फार छान. गाव आणि शाखा कळल्या. आता कॅप्टन मोल्सवर्थ? कुणी सहज ‘व्हायकाउंटच्या घराण्यातले’ असं लिहून टाकतं. हे तपासायचं कसं? मुंबईच्या चर्चच्या नोंदी बघू का?

दप्तरखाना

चर्चच्या नोंदी बघायच्या, पण जन्मासाठी नाही. विलायतेहून कॅडेट म्हणून आलेल्या माणसाचा बाप्तिस्मा मुंबईच्या नोंदवहीत कसा असेल? तिथे तास घालवू नका. क्रम असा ठेवा.

कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून घेण्यासाठी अर्ज लागे, आणि वय सिद्ध करायला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. हे कॅडेट पेपर्स १७८९ ते १८६० चे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, खूण एल/एमआयएल/९. एका अर्जात साधारण काय मिळतं: मुलाचं नाव, बाप्तिस्म्याचं पॅरिश आणि तारीख, बापाचं किंवा पालकाचं नाव, शिक्षण कुठे झालं, आणि कंपनीच्या कोणत्या संचालकाने शिफारस केली. मुंबई, मद्रास, बंगाल यांपैकी कोणत्या इलाख्यासाठी नेमणूक हेही कळतं. एका कागदात तुम्ही पुण्याहून थेट विलायतेतल्या पॅरिशमध्ये पोचता. शिफारस करणारा संचालक आणि पालक यांच्यात नातं किंवा व्यवहार असे, तो धागाही सोडू नका.

पॅरिश कळलं की मूळ नोंदवहीची छायाप्रत बघा. सूचीवर भिस्त ठेवू नका. बापाचं नाव घेऊन त्याचं लग्न, मग त्याचा बाप्तिस्मा, असं एकेक पिढी मागे. प्रत्येक पायरीला दोन कागद हवेत, एक चर्चचा आणि एक मालमत्तेचा. कारण एकाच आजोबाचं नाव चार नातवांना ठेवायची रीत होती. एकाच काउंटीत एकाच वेळी तीन जॉन मोल्सवर्थ मिळाले तर त्यातला तुमचा कोणता हे मृत्युपत्रच सांगतं. मृत्युपत्रात मुलं, जावई, जमीन सगळं नावानिशी येतं. सधन माणसांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध होत. १३८४ ते १८५८ ची ती नोंद लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या खुणेखाली आहे. मध्यम परिस्थितीतल्यांची स्थानिक न्यायालयात. कॉर्नवॉलची रेडरूथच्या क्रेसेन केर्नो या दप्तरखान्यात. शेजारच्या डेव्हनची १९४२ च्या बाँबहल्ल्यात एक्सेटरला जळाली, त्यामुळे कॉर्नवॉलचा माणूस डेव्हनमध्ये मेला असेल तर मोठी पंचाईत होते.

आयर्लंडकडे धागा गेला तर आधीच माहीत असू द्या: ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधलं दप्तर जळालं. तिथे ठेवलेल्या पॅरिश नोंदवह्या, मृत्युपत्रं, १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक गेल्या. तिथे मग जमिनीच्या नोंदणी कार्यालयाचे १७०८ पासूनचे खतांचे गोषवारे उपयोगी पडतात, ते वाचले आहेत.

मुंबईच्या चर्चचे कागद कशासाठी? लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, दफन. इलाख्यातल्या चर्चांनी लंडनला पाठवलेल्या नकला १७०९ पासून एन/३ या खुणेखाली आहेत. बंगालसाठी एन/१, मद्रासला एन/२. या नकला आहेत हे ध्यानात ठेवा. मूळ वहीतून उतरवताना वय आणि आडनाव दोन्ही चुकतात.

तारखांचा एक सापळा. १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत ‘१० फेब्रुवारी १६८८’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १६८९. हे न पाहिल्यामुळे लग्नाआधीच मूल झालेलं दिसतं आणि लोक उगीच लफडी शोधत बसतात. टिपून घेताना १६८८/८९ असं दोन्ही लिहा. पॅरिशच्या वह्या १५३८ च्या हुकमाने सुरू झाल्या, पण बऱ्याच गावांच्या सुरुवातीच्या वह्या टिकलेल्या नाहीत, आणि १६५३ ते १६६० मधल्या क्रॉमवेलकाळात नोंदी विस्कळीत आहेत.

सूचीकार

शोधाच्या तंत्राबद्दल थोडी भर, कारण मोल्सवर्थ सूचीत हरवण्यात पटाईत आहे.

जुन्या हस्ताक्षरातला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. सूची करणाऱ्याने तो ‘एफ’ वाचला की आडनाव होतं ‘मोलेफवर्थ’. मोठ्या लिपीतला ‘एम’ कित्येकदा ‘एच’ किंवा ‘डब्ल्यू’ वाचला जातो, मग ‘होल्सवर्थ’ तयार होतं आणि ते होल्ड्‌सवर्थ या खऱ्या, वेगळ्या आडनावात मिसळतं. बऱ्याच संकेतस्थळांवर ‘सारखे उच्चार’ म्हणून जो पर्याय असतो तो साउंडेक्स. त्यात पहिलं अक्षर तसंच ठेवतात, स्वर आणि डब्ल्यू-एच वगळतात, उरलेल्या व्यंजनांना अंक देतात: एलला ४, एसला २, आरला ६, डीला ३, एफला १. तीन अंक झाले की थांबतात. मोल्सवर्थ होतो एम-४२६. मुल्सवर्थ, मूल्सवर्थ, दोन एलवाला मोल्लेसवर्थ, सगळे एम-४२६, म्हणजे ही रूपं सापडतील. पण मोल्डेस्वर्थ होतो एम-४३२, मोलेफवर्थ एम-४१६ आणि होल्सवर्थ एच-४२६. तिन्ही निसटली. म्हणून साउंडेक्सवर अवलंबून न राहता तारांकन, म्हणजे ‘इथे कोणतीही अक्षरं चालतील’ अशी खूण, वापरा: एम-ओ-एल, मग तारांकन, मग डब्ल्यू, मग तारांकन. दुसऱ्या फेरीत ‘ओ’च्या जागी ‘यू’. तिसऱ्या फेरीत आडनाव टाकूच नका, पहिलं नाव, पॅरिश आणि दहा वर्षांचा पट्टा द्या. विरळ आडनावासाठी ही तिसरी फेरी नेहमी करावी.

जनगणनेत आडनाव शोधायचं तर १८५१ पासून. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्मगाव नाही, ‘याच काउंटीत का?’ एवढंच हो-नाही. १८८१ ची पूर्ण उतरवलेली आहे, आडनाव देशभर कुठे कुठे पसरलंय याचा नकाशा करायला तीच वापरतात. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची १९४२ मध्ये जळाली.

आणि गाव शोधताना काउंटी दोन्ही टाका. हंटिंग्डनशर १९७४ मध्ये केंब्रिजशरमध्ये विलीन झाली. जुने कागद पहिल्याखाली, नवी पानं दुसऱ्याखाली. नुसतं गावाचं नाव टाकलंत तर समोर हवाईतळ येईल, १९८० च्या दशकात अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रांमुळे गाजलेला.

गावनाव

विरळ का, हा प्रश्न राहिला. दोन कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत.

गाव लहान. लहान गावातून बाहेर पडणारी माणसं कमी, म्हणून बिरूद लावणारे मूळ पुरुष कमी. उलट लँकशरमध्ये रॉचडेलजवळच्या बटरवर्थचं आडनाव बघा, एका टापूत ते उदंड झालं. तेही एकाच जागेचं आडनाव, पण तिथे विणकामाने माणसं टिकली, मुलगे जगले, पसरले.

दुसरं कारण नुसत्या गणिताचं. आडनाव मुलग्याकडूनच पुढे जातं. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये यावर लिहिलं. प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा असं धरा, म्हणजे लोकसंख्या स्थिर. सरासरी एक असली तरी कुणाला तीन, कुणाला एकही नाही. हे वाटप यदृच्छेने, पॉइसाँच्या रीतीने, होतं असं मानून हिशेब केला तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ टक्के पुरुषवंश संपतात. पाचव्या पिढीपर्यंत सुमारे ७३ टक्के, दहाव्यापर्यंत ८४. युद्ध नको, साथ नको, काही नको. ज्या आडनावाचे मूळ पुरुष शंभर, त्याला फरक पडत नाही. ज्याचा एक किंवा दोन, ते बहुधा नाहीसंच होतं. उरलं तर एखाद्या सुदैवी वंशामुळे. एग्लोशेल आणि डब्लिनचे वंश उरण्यात जमीन आणि पदवीचा हात होता हे उघड आहे: वारस नसला तर पुतण्या, चुलत भाऊ शोधला जातो, कागदही राहतात.

सूचीकार

वाय गुणसूत्राची चाचणी इथे उपयोगी पडेल. ते गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठात ४० ब्रिटिश आडनावांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं की स्मिथसारख्या आडनावात एका पूर्वजाचा मागमूस नाही, आणि अटेनबरोसारख्या विरळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच मूळ पुरुषाकडे जातात.

पण चाचणी कुणाची करायची हे आधी कागदावर ठरवा. एका शाखेच्या चौघांची करून काही कळत नाही. कॉर्नवॉल शाखेचा एक आणि आयरिश शाखेचा एक, दोघांचीही पुरुषपरंपरा कागदाने सिद्ध झालेली, असे दोन हवेत. गुणसूत्रावरच्या ३७ खुणा ताडण्यापासून सुरुवात, जुळलं तर १११. जुळलं तर पूर्वज एक. नाही जुळलं तर ‘घराणी वेगळी’ असा निकाल लगेच देऊ नका. मधे कुणी दत्तक असेल, किंवा आईकडची जमीन मिळावी म्हणून जावयाने अगर नातवाने आडनाव बदललं असेल. इंग्लंडमध्ये त्यासाठी राजाची परवानगी घेत आणि ती लंडन गॅझेटमध्ये छापत. न जुळल्यास पहिलं काम म्हणजे प्रत्येक शाखेतून आणखी एक दूरचा चुलत भाऊ घेऊन फाटा कोणत्या पिढीत पडला ते शोधणं.

कोशवाचक

म्हणजे आधी एल/एमआयएल/९ मधला कॅडेट अर्ज, त्यावरून पॅरिश, मग मृत्युपत्रं. मुंबईच्या नकला शेवटी. बरोबर?

दप्तरखाना

बरोबर. एवढंच जोडा: अर्ज शोधताना कोशाच्या पहिल्या आवृत्तीवरचं ‘कॅप्टन’ डोक्यातून काढा. तो हुद्दा १८३१ चा आहे. अर्ज त्याआधी बराच, मुलगा वयात येतानाचा. तेव्हा तो नुसता जेम्स थॉमस, आणि सूचीत कधी ‘जेम्स टी.’, कधी नुसता ‘जे. टी.’. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पाद्री आणि चर्चवॉर्डन यांच्या सह्या असतात. त्यांची नावंही उतरवून घ्या, पॅरिशचं नाव वाचता आलं नाही तर पाद्र्याच्या नावावरून ते काढता येतं.